एकाच तुकडीला जोडलेले दोन पेपर : आपल्या भागातील महाविद्यालयांत हे जमेल का?

मार्कंडेयकाठ (धागाकर्ती)

बेळगावातील एका महाविद्यालयात मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवते. गेल्या सेमिस्टरला मी आणि अकाउंट्स शिकवणारे माझे एक सहकारी, अशा दोघांनी मिळून एकाच तुकडीला आमचे दोन पेपर, म्हणजे दोन विषय, एकमेकांना जोडून शिकवण्याचा एक छोटा प्रयोग केला. त्यातले काही साधले, काही हातचे निसटले. सीमाभागातील इतर शिक्षकांचे, पालकांचे आणि मुख्यतः विद्यार्थ्यांचे मत विचारावे म्हणून त्याची हकीकत येथे मांडते.

सुरुवात एका शब्दापासून झाली. खानापूर तालुक्यातून रोज येणारा, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला एक विद्यार्थी तास संपल्यावर टेबलाजवळ आला आणि अकाउंट्सची वही उघडून म्हणाला, "मॅडम, ह्या बीइंगचा अर्थ काय हो?" वहीत प्रत्येक जर्नल एंट्रीखाली, म्हणजे व्यवहाराच्या पहिल्या नोंदीखाली, कंसात एक ओळ होती : बीइंग गुड्स सोल्ड फॉर कॅश, बीइंग सॅलरी पेड, बीइंग रेंट रिसीव्ह्ड. पीयूसीची (अकरावी-बारावीची) दोन वर्षे धरली तर तो शब्द त्याने शेकडो वेळा लिहिला असणार, आणि त्यावर गुणही मिळवले असणार. मी स्टाफरूममध्ये सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "तो तसाच लिहायचा असतो, मॅडम. मलाही माझ्या सरांनी तसाच शिकवला." त्याच मुलांना, भिंतीला भिंत लागलेल्या वर्गांत आम्ही दोघे इतकी वर्षे शिकवत होतो, पण सहकाऱ्यांच्या विषयातले इंग्रजी मी कधी पाहिले नव्हते आणि माझ्या व्याकरणाचा त्यांच्या विषयाशी काही संबंध असेल, असे त्यांच्या मनात आले नव्हते.

अभ्यासक्रमाला आम्ही हात लावला नाही, कारण तो अधिकार विद्यापीठाचा आहे. केले ते एवढेच की एका तुकडीपुरते दोन्ही पेपरांचे तास वेळापत्रकात लागोपाठ लावून घेतले, दर पंधरा दिवसांनी एकच गृहपाठ दोघांनी मिळून दिला, आणि ती एकच वही दोघांनी आपापल्या दृष्टीने तपासून आपापल्या पेपरच्या इंटर्नलसाठी, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनासाठी, गुण दिले. माझ्या अभ्यासक्रमात व्यापारी पत्रलेखन आहे. पूर्वी मी काल्पनिक कंपन्यांची पत्रे लिहून घेत असे आणि मुले गाईडमधील नमुना नाव बदलून उतरवीत असत. आता मुलांनी सकाळच्या तासाला जी खतावणी (खातेनिहाय हिशेब) केली, तिच्यात ज्या ग्राहकाकडे बाकी निघाली त्यालाच पुढच्या तासाला तगाद्याचे पत्र लिहायचे, असा नियम केला. खतावणीत बेरीज चुकली की पत्रातील रक्कम चुकते, आणि पत्रात काळ चुकला की पैसे आले आहेत की यायचे आहेत हेच कळत नाही. 'हॅज पेड' आणि 'हॅज टू पे' यांतील फरक माझ्या फळ्यावर जो वर्षानुवर्षे समजला नव्हता, तो येणे बाकी दिसताच बहुतेकांना समजला.

कल्पना आमची नाही. अमेरिकेत अलेक्झांडर मिकलजॉन यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२७ ते १९३२ या काळात एक प्रायोगिक महाविद्यालय चालवले. तेथे पहिले वर्ष प्राचीन अथेन्स आणि दुसरे वर्ष आधुनिक अमेरिका, अशी विषयांच्या भिंती नसलेली मांडणी होती. वॉशिंग्टन राज्यातील एव्हरग्रीन स्टेट कॉलेज १९७१ मध्ये सुरू झाले, ते पूर्णपणे अशाच एकत्र शिकवण्यावर उभे राहिले. पुढे तेथील कम्युनिटी कॉलेजांनी (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांनी) याचे स्वस्त आणि सुटसुटीत रूप स्वीकारले : दोन किंवा तीन नेहमीचेच पेपर घ्यायचे, त्यांना तेच विद्यार्थी बसवायचे आणि शिक्षकांनी आपसांत ठरवून शिकवायचे. हे रूप नेमके त्या कॉलेजांतच रुजले याला कारण आहे. तेथील मुले वसतिगृहात राहत नाहीत. घरून येतात, तास करतात आणि नोकरीला किंवा घरी पळतात. विद्यार्थ्यांच्या गळतीचे अमेरिकी अभ्यासक विन्सेंट टिंटो यांनी मांडलेला मुद्दा हाच आहे की अशा विद्यार्थ्याला महाविद्यालय भेटते ते फक्त वर्गात, त्यामुळे ओळखी आणि अभ्यासाची सोबत जुळायची असेल तर ती वर्गातच जुळली पाहिजे. आमच्या वर्गातील खानापूर, हुक्केरी, चंदगड या बाजूंनी येणारी मुले डोळ्यांसमोर आणा. यापेक्षा वेगळे काय आहे?

माझे स्वतःचे मत स्पष्टच सांगते. विषय वाढवल्याने विषय जोडले जात नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२१-२२ पासून लागू करणारे कर्नाटक हे पहिले राज्य होते. त्या वेळी बहुविद्याशाखीय शिक्षणाच्या नावाने खुल्या ऐच्छिक विषयांची टोपली आली. प्रत्येकाने वेगवेगळे विषय उचलले आणि तुकडी विखुरली. २०२४-२५ पासून राज्याने पुन्हा तीन वर्षांच्या पदवीची चौकट आणली. या दोन्ही फेऱ्यांत शिक्षकाने शेजारच्या शिक्षकाशी बोलावे, अशी सोय कोठेही झाली नाही. आपले अनुभव आणि आक्षेप जरूर मांडावेत.

जुना_वर्कलोड

ताई, हकीकत आवडली. मी या भागातील एका महाविद्यालयात प्राचार्यपदावरून निवृत्त झालो आहे, तेव्हा प्रशासनाच्या बाजूने बोलणे माझे कर्तव्य समजतो.

पहिली अडचण तासांच्या हिशेबाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापकाने व प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. दोन शिक्षक एकाच वर्गात एकाच वेळी उभे राहिले, तर तो तास कोणाच्या नावावर मांडायचा? दोघांच्या मांडला तर तपासणीत आक्षेप येतो आणि एकाच्या मांडला तर दुसऱ्याचा वर्कलोड कमी पडतो. वर्कलोड कमी पडला की एक पद जादा ठरते. आपल्याकडे शिक्षक सहकार्याला तयार नसतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती अर्धीच खरी वाटते. तास ही शिक्षकाची रोजीरोटी आहे आणि ती वाटून घेण्यास माणूस सहज तयार होत नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. सरकारी महाविद्यालयांत शिकवण्याचा मोठा भार अतिथी प्राध्यापकांवर असतो. त्यांची नेमणूक वर्षापुरती, मानधन तासांशी बांधलेले, आणि त्यांपैकी कित्येक सेमिस्टर सुरू झाल्यावर रुजू होतात. जून-जुलैमध्ये बसून दोन पेपरांची एकत्र आखणी करायची, तर ती कोणी कोणाबरोबर करायची? आपले सहकारी कायमस्वरूपी आणि उत्साही होते, हा योगायोग आहे. योगायोगावर योजना उभी राहत नाही.

मार्कंडेयकाठ

सर, वर्कलोडचा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे, आणि म्हणूनच आम्ही एका तासाला एकच शिक्षक ठेवला. एकत्र उभे राहून शिकवणे हे या पद्धतीचे सर्वांत महागडे रूप आहे. ते आपल्याला परवडणार नाही. आमचा खर्च आठवड्यातील अर्ध्या तासाचा होता : शनिवारी शेवटचा तास सुटल्यावर कॅन्टीनमध्ये चहा घेत पुढच्या आठवड्याचे दोन मुद्दे ठरवायचे. त्या अर्ध्या तासाची कोठेही नोंद नाही, हे मात्र खरे, आणि नोंद नसलेले काम पहिल्या अडचणीसरशी बंद पडते हेही खरे. अतिथी प्राध्यापकांविषयी माझ्याकडे उत्तर नाही.

चंदगडची_वाट

मी सीमेच्या पलीकडे, चंदगड तालुक्यात वाणिज्य शिकवतो. प्रथम त्या 'बीइंग'विषयी. आमच्याकडे अकरावी-बारावीला मराठी माध्यमात पुस्तपालन शिकवताना त्या कंसातील ओळीला स्पष्टीकरण म्हणतात, आणि ती 'रोखीने माल विकल्याबद्दल', 'पगार दिल्याबद्दल', 'भाडे मिळाल्याबद्दल' अशी लिहितात. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याला जो शब्द अडला, त्याचे मराठी उत्तर तासाभराच्या अंतरावरील वर्गात रोज फळ्यावर लिहिले जाते. बीइंग म्हणजे 'बद्दल'. त्याला जरूर सांगावे.

आता मूळ विषय. ज्या २०२४-२५ या वर्षी कर्नाटकाने धोरणाची ती चौकट बाजूला ठेवली, त्याच वर्षी महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांना ती लागू झाली, आणि खुले ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प अशी भली मोठी यादी आमच्या पदरात पडली. एका घरातील एक मुलगा बेळगावला आणि दुसरा इकडे शिकत असेल, तर दोघांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवून पाहणाऱ्या आईवडिलांना ही एकाच पदवीची कागदपत्रे आहेत असे वाटणार नाही. विखुरण्याविषयी आपण लिहिले ते आमच्याकडेही खरे आहे. लहान महाविद्यालयात तर ऐच्छिक म्हणजे जो शिक्षक उपलब्ध आहे तो विषय. मात्र एक वाट दिसते. क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत, आणि तो कोणत्या दोन विषयांच्या मिळून करावा यास कोणी हरकत घेत नाही. जोडण्याची जागा अभ्यासक्रमात आयतीच आहे. आम्ही ती झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या फाइलींनी भरतो.

येळ्ळूर_शिवार

मी बी.ए. होऊन तीन वर्षे झाली. आमच्या महाविद्यालयात याला कोणी काही नाव दिले नव्हते, पण भूगोलाच्या मॅडम आणि अर्थशास्त्राचे सर यांनी दुसऱ्या वर्षी आमच्याकडून एक काम एकत्र करून घेतले होते. ते थोडे सविस्तर लिहितो.

बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात शिरते आणि भात बुडते, हे बेळगावकरांना नव्याने सांगायला नको. भूगोलाच्या पेपरात पूर हे एक प्रकरण होते आणि अर्थशास्त्रात शेतीचा उत्पादनखर्च. दोन्ही आम्ही पाठ केले असते आणि परीक्षेनंतर विसरलो असतो. त्याऐवजी चार-चार जणांचे गट करून आम्हाला शिवारात पाठवले. पाणी किती चढते ते मोजण्यासाठी आम्ही टेप घेऊन गेलो होतो. एका शेतकरी काकांनी आमच्याकडे पाहिले आणि पंपाच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाले, "पट्टी कशाला रे पोरानो, भित्त बघा की." खोलीच्या भिंतीवर चिखलाच्या तीन रेघा होत्या, एकीवर एक, आणि कोणती कोणत्या वर्षाची ते त्यांना तोंडपाठ होते. सर्वांत वरची माझ्या छातीला लागत होती.

भूगोलाच्या वहीत त्या तीन रेघा, उतार आणि जलपर्णीने तुंबलेला नाला असा नकाशा झाला. अर्थशास्त्राच्या वहीत दुबार लावणीचा खर्च मांडताना आम्ही फक्त भाताचे नुकसान धरले होते. काकांनी विचारले, "आणि मसूर?" पाणी उशिरा ओसरले की भात उशिरा निघते, भात उशिरा निघाले की त्याच ओलीवर घ्यायच्या मसुराचा, वाटाण्याचा हंगाम टळतो, आणि नुकसान एका पिकाचे न राहता दोन पिकांचे होते. ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात नाही, कारण तेथे पैसा नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही, कारण तेथे चिखल नाही.

आणखी एक गोष्ट अनपेक्षितपणे घडली. क्षेत्र आणि पीक तपासण्यासाठी जमिनीचे उतारे काढले, ते सगळे कन्नडमध्ये. आमच्या गटात सौंदत्तीकडील एक कन्नड भाषक मुलगी होती. तिला उतारा वाचता येई, पण काकांचे बोलणे समजत नसे. आम्हाला काकांचे बोलणे समजे, पण उताऱ्यातील रकाने लागत नसत. दोन वर्षे आम्ही एकाच वर्गात होतो आणि भाषेच्या तासाला वेगळ्या खोल्यांत जात होतो. ती आमच्याशी पहिल्यांदा नीट बोलली ती त्या बांधावर, तेही 'बागायत' हा शब्द दोन्हीकडे सारखाच निघाला म्हणून.

आकडेमोड

वरील दोन्ही अनुभव वाचनीय आहेत, परंतु अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, आणि या पद्धतीविषयी पुरावा उपलब्ध आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागातील किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात २००३ पासून एम.डी.आर.सी. या संशोधन संस्थेने एक चाचणी केली. सुमारे दीड हजार नवे विद्यार्थी घेऊन, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन भाग केले. एका भागाला तीन जोडलेले पेपर दिले : इंग्रजी, आरोग्य किंवा मानसशास्त्रासारखा एखादा विषय, आणि महाविद्यालयात कसे शिकावे याचा एक छोटा वर्ग. एका गटात जास्तीत जास्त २५ जण. दुसऱ्या भागाला नेहमीचे शिक्षण. जोडलेल्या गटातील विद्यार्थी पहिल्या सत्रात अधिक पेपर उत्तीर्ण झाले आणि इंग्रजीच्या सक्तीच्या पायऱ्या लवकर ओलांडून गेले. पुढील सत्रांत हा फरक पुष्कळसा ओसरला. दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर पदवी मिळवणाऱ्यांच्या प्रमाणात थोडी वाढ आढळली, इतकेच. नंतर हाच प्रयोग किंग्जबरोसह सहा महाविद्यालयांत करून पाहिला, तेव्हा जोडलेल्या विषयात किंचित लाभ दिसला आणि एकूण टिकून राहण्यावर परिणाम दिसला नाही.

शिवाय किंग्जबरोच्या विद्यार्थ्यांना पुस्तकांसाठी पैसे, जादा शिकवणी आणि समुपदेशनही मिळत होते. लाभ जोडण्याचा, की पुस्तकांचा, की २५ जणांच्या लहान वर्गाचा? आपल्याकडे बी.कॉम.च्या एका तुकडीत किती मुले बसतात, ते धागाकर्तींनीच सांगावे.

मार्कंडेयकाठ

तुकडीत सत्तरच्या वर नावे आहेत. प्रत्यक्ष बसतात पन्नासेक. आपण दिलेली माहिती मला नवी होती आणि ती आवडली, कारण तिने माझा दावा आहे तेवढाच राहतो. तीन वर्षांनंतर कोण पदवीधर होईल हे एका सेमिस्टरच्या दोन पेपरांनी ठरेल, असे मी म्हणतच नाही. आमच्या मुलांची गळती पहिल्याच सेमिस्टरला, विशेषतः इंग्रजी माध्यमाच्या धक्क्याने होते, आणि आपल्या चाचणीतही लाभ ठळक दिसला तो पहिल्याच सत्रात व इंग्रजीच्याच बाबतीत. मला तेवढा पुरे आहे.

उद्यमबागी

मी अभियांत्रिकीचा. आमच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाला फिजिक्स सायकल आणि केमिस्ट्री सायकल असे दोन भाग असत. अर्धी मुले एका सत्रात एका बाजूचे पेपर करीत आणि पुढच्या सत्रात अदलाबदल होई. म्हणजे तीच तुकडी, तेच पेपर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकत्र. तरीही गणिताच्या सरांना फिजिक्समध्ये काय चालू आहे याचा पत्ता नसे, आणि जे गणित फिजिक्सला सप्टेंबरात लागे ते गणिताच्या तासाला नोव्हेंबरात येई. तेव्हा मुले एकत्र बसवणे हा या गोष्टीचा सोपा अर्धा भाग झाला. आज उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक भागातील फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) नवे पदवीधर घेताना दिसते की कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, का नापास झाले हे त्यांना कळते, पण ग्राहकाला तीन परिच्छेदांत लिहून कळवता येत नाही. या दोन गोष्टी त्यांनी दोन वेगळ्या इमारतींत शिकलेल्या असतात.

कणकुंबीचा_पाऊस

मी सध्या शिकतो आहे, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो. (मार्कंडेयकाठ मॅडम माझ्या महाविद्यालयातील नाहीत.) आमच्याकडेही गेल्या वर्षी तीन पेपर असे जोडले होते, आणि त्याविषयी माझे मत मिश्र आहे.

चांगले काय झाले ते आधी सांगतो. मी जांबोटी भागातून बसने येतो. पावसाळ्यात एखादी बस आलीच नाही तर पहिला तास बुडतो आणि नोट्स कोणाकडे मागाव्यात हा प्रश्न पडतो, कारण शहरातील मुले एकमेकांना शाळेपासून ओळखतात आणि आम्ही कोणालाच ओळखत नाही. तीन पेपरांना तेच चेहरे असल्यामुळे दोन महिन्यांत चार मित्र झाले; मी आलो नाही तर माझ्यासाठी कोणीतरी वहीचे फोटो पाठवू लागले. तास लागोपाठ लावल्यामुळे दुपारची बस मिळू लागली, पूर्वी मधल्या दोन रिकाम्या तासांसाठी संध्याकाळपर्यंत थांबावे लागत असे. मोठ्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण माझ्या गावातील दोन मुलींचे शिक्षण याच कारणावरून घरी वादात होते : उशिरा घरी येणे.

वाईट असे की गटात बिनसले, तर ते तिन्ही पेपरांत बिनसते. आमच्या गटात दोघांचे भांडण झाले आणि ते अकाउंट्सपासून भाषेपर्यंत सगळीकडे आमच्याबरोबर फिरले. दुसरे, मुले फार एक झाली की शिक्षकाविरुद्धही एक होतात. एका सरांच्या तासाला सगळ्यांनी ठरवून दांडी मारली, कारण निरोप एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. तिसरे आणि सर्वांत चीड आणणारे म्हणजे सामाईक गृहपाठ चौघांचा असतो आणि लिहितो एकजण. तीन पेपरांचे इंटर्नल त्या एका गृहपाठावर असेल, तर न लिहिणाऱ्यांना तिप्पट फुकट मिळते.

जुना_वर्कलोड

या विद्यार्थ्याने लिहिलेली शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि बसविषयीची त्याहून. मी इतकी वर्षे वेळापत्रके तयार केली. ती शिक्षकांच्या सोयीने आणि खोल्यांच्या उपलब्धतेने केली. वेळापत्रक खानापूरच्या बसकडे पाहून करावे, असे मला कधीही सुचले नाही. तासांच्या मोजणीचा माझा आक्षेप कायम आहे, परंतु दोन पेपर लागोपाठ लावण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. प्राचार्य आणि वेळापत्रक समितीचे शिक्षक एवढे पुरेसे आहेत. भाषेच्या पेपराला मात्र हात लावू नये. मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू असे गट पडतात आणि तेथे तुकडी फुटतेच. ते तास दिवसाच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवावेत आणि जोडायचे ते पेपर मध्ये सलग घ्यावेत.

येळ्ळूर_शिवार

फुकट गुणांविषयी एक उपाय आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी केला होता. माहिती गटाने गोळा करायची, पण लिहायचे प्रत्येकाने स्वतंत्र, आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याने आणलेल्या माहितीवर प्रश्न विचारायचा. मला उताऱ्यावर विचारले आणि सौंदत्तीच्या मुलीला चिखलाच्या रेघांवर. रात्रभर आम्ही एकमेकांना फोनवर शिकवत होतो.

खतावणी

निपाणीत माझा हिशेब तपासनिसाचा व्यवसाय आहे. चर्चा शांतपणे वाचत होतो. 'बद्दल' हा शब्द वाचून राहवले नाही. आमच्याकडे तंबाखूच्या जुन्या पेढ्यांत कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी मराठीत, कोठे कोठे मोडीत लिहिलेली मी पाहिली आहे आणि तिच्यात प्रत्येक रकमेपुढे ती कशाबद्दल हे लिहिलेले असे. हाताखाली शिकायला येणारी मुले संगणकावर नोंद चटकन करतात; पण खालच्या स्पष्टीकरणाच्या चौकटीत काहीच लिहीत नाहीत, आणि वर्षाने तपासणीच्या वेळी ती रक्कम कशाची होती हे कोणालाच आठवत नाही. धागाकर्तींनी इंग्रजीच्या तासाला त्या एका ओळीवर भर दिला, तर आमच्यासारख्यांवर उपकार होतील. आपला एखादा गृहपाठ येथे द्याल का? माझ्याकडील दोन मुलांकडून करून घेईन.

मार्कंडेयकाठ

जरूर. पुढील सेमिस्टरसाठी आम्ही दोघांनी जो पहिला गृहपाठ ठरवला आहे, तो जसाच्या तसा देते. येळ्ळूर_शिवार यांच्या सरांची तोंडी परीक्षेची युक्ती आणि चंदगडच्या सरांचा 'बद्दल' कालच त्यात घातला.

"आपल्या गावातील किंवा गल्लीतील एका किराणा दुकानात अर्धा तास बसा. त्या वेळेत झालेले कोणतेही दहा व्यवहार दुकानदार ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. प्रत्येक व्यवहार कशाबद्दल, हे मराठीत किंवा कन्नडमध्ये एका ओळीत लिहा. नंतर त्या दहाही व्यवहारांच्या जर्नल एंट्री इंग्रजीत करा आणि कंसातील ओळ स्वतः तयार करा. गाईडमधील ओळ चालणार नाही. शेवटी, दुकानदाराच्या वतीने त्याच्या घाऊक व्यापाऱ्याला दहा ओळींचे इंग्रजी पत्र लिहा, ज्यात कोणता माल संपत आला आहे आणि मागील बिलाची किती रक्कम देणे आहे हे यावे. माहिती दोघांनी मिळून गोळा करावी, लेखन स्वतंत्र. तोंडी परीक्षेत जोडीदाराच्या वहीवर प्रश्न विचारले जातील."

कणकुंबीचा_पाऊस

मॅडम, गृहपाठ चांगला आहे, पण एक अडचण येईल. आमच्या गावात दुकान एकच आहे आणि दहापैकी सात व्यवहार उधारीचे होतात. दुकानदार मामा उधारीची वही आम्हाला दाखवणार नाहीत, कारण तिच्यात आमच्याच घरांची नावे आहेत.

खतावणी

वही मागूच नये. शेजारी बसून जे कानावर पडेल तेवढेच लिहावे आणि नावाच्या जागी ग्राहक एक, ग्राहक दोन असे घालावे. दिवस संपल्यावर मामांना फक्त एकूण उधारीची बेरीज विचारावी. ती ते सांगतील. आमच्याकडील मुलेही पहिल्या वर्षी असेच करतात.

मार्कंडेयकाठ

ही सूचना गृहपाठाच्या कागदावर वाढवते. ग्राहक एक, ग्राहक दोन.